फाइव्ह-पिन बोलिंग आणि चॅम्पियनचं आयुष्यभराचं करिअर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी गणपतीला नाहीतर दिवाळीच्या जेवणाला कुणीतरी विचारतंच, तू अजून ते बोलिंग खेळतोस का रे, आणि मग तेच प्रश्न तीच उत्तरं सुरू होतात, ताट हातात धरून किती सांगणार. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी टोरोंटोच्या पूर्वेला, स्कार्बरोत राहतो, सतरा वर्षं मंगळवारच्या लीगमध्ये खेळतोय. चॅम्पियन मी नाही. पण चॅम्पियन लोकांच्या शेजारच्या लेनवर बसून बरंच बघितलंय, आणि हा खेळ मला मनापासून आवडतो.

हे मॉलमध्ये असतं तेच बोलिंग ना?

नाही. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आपण जे खेळतो ते टेन-पिन. दहा पिन, बोटं घालायला भोकं असलेला जड बॉल, जास्तीत जास्त 16 पाउंडाचा. फाइव्ह-पिनमध्ये नावाप्रमाणे पाचच पिन, त्याही लहान, प्रत्येक पिनच्या पोटाला रबराचा पट्टा. बॉल साधारण साडेतीन पाउंड म्हणजे दीड किलोच्या थोडा वर, भोकं नाहीत, आकाराने एखाद्या पपनसाएवढा, तळहातात धरायचा. लेन मात्र तेवढीच लांब, फाऊल लाइनपासून पुढच्या पिनपर्यंत 60 फूट. आपल्या लोकांना मी असं सांगतो की क्रिकेटचं पिच 66 फूट असतं, त्यापेक्षा सहा फूट कमी, आणि तेवढ्या लांबून बॉल जमिनीवरून सरकवत नेऊन स्टंपच्या एका विशिष्ट बाजूला लावायचा. मग लगेच कळतं त्यांना. आणि एका फ्रेममध्ये, म्हणजे एका पाळीत, दोन नाही तर तीन बॉल मिळतात.

हा खेळ काढला कुणी?

टॉमी रायन. पूर्ण नाव थॉमस रायन, जन्म 1872 चा, ऑन्टारिओतल्या ग्वेल्फचा. टोरोंटोत टेम्परन्स स्ट्रीटवर त्यांचा टोरोंटो बोलिंग क्लब होता, टेन-पिनचा. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या ऑफिसांतले वकील, व्यापारी, जेवणाच्या सुट्टीत येणारे लोक, आणि त्यांची तक्रार एकच, बॉल फार जड आहे, हात दुखतो, दमायला होतं. मग 1909 च्या सुमाराला रायननी हातात मावेल असा कडक रबराचा बॉल घेतला आणि पिन लहान करून पाचच ठेवल्या. त्यांच्या वडिलांनी लेथवर टेन-पिनच्या पिन तासून पहिल्या पाच पिन करून दिल्या असं सांगतात. त्या हलक्या पिन इतक्या उडायच्या की आवाजही व्हायचा आणि आवरायचा त्रासही, म्हणून काही वर्षांतच रबराचा पट्टा आला, तो आजपर्यंत आहे.

रायननी पेटंट घेतलंच नाही. त्यामुळे त्यांना या खेळातून म्हणावा तसा पैसा मिळाला नाही, पण खेळ मात्र गावोगाव पसरला, छोट्या छोट्या गावांत दुकानाच्या वर नाहीतर चर्चच्या तळघरात चार-सहा लेन टाकल्या की झालं. 1961 ला ते गेले. 2007 ला सीबीसीने, म्हणजे कॅनडाच्या सरकारी वाहिनीने, कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या शोधांसाठी लोकांची मतं घेतली तेव्हा इन्सुलिन, टेलिफोन आणि बल्बनंतर चौथ्या नंबरला फाइव्ह-पिन बोलिंग आलं. ज्यांना हा खेळ म्हणजे शनिवारचा टाइमपास वाटतो त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

स्कोअर कसा मोजतात? मला कधीच कळत नाही

सोपं आहे, एकदा कागदावर करून बघा. पिन इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या असतात, टोक आपल्याकडे. मधली सगळ्यात पुढची हेडपिन, ती 5 ची. तिच्या दोन्ही बाजूच्या 3-3 च्या, आणि कोपऱ्यातल्या 2-2 च्या. डावीकडून उजवीकडे 2-3-5-3-2, बेरीज 15. पूर्वी हे वेगळं होतं, 4-2-1-3-5, म्हणजे हेडपिनला फक्त एक! आणि डावीकडची 4 वाली पडल्याशिवाय बाकीच्यांचे पॉइंटच धरायचे नाहीत असाही नियम होता. आत्ताची पद्धत नंतर आली.

पहिल्या बॉलला पाचही पडल्या तर स्ट्राइक, म्हणजे 15 अधिक पुढच्या दोन बॉलचे. दुसऱ्या बॉलला उरलेल्या पडल्या तर स्पेअर, 15 अधिक पुढच्या एका बॉलचे. तीन बॉल लागले तर नुसते 15.

समजा पहिल्या फ्रेमला स्ट्राइक. दुसरीत पहिल्या बॉलला एक कोपरा सोडून सगळ्या गेल्या, 13, दुसऱ्या बॉलने तो कोपरा काढला, स्पेअर. तिसरीत पहिला बॉल फक्त हेडपिन घेऊन गेला, 5, मग 3, मग 3. तर पहिली फ्रेम 15 अधिक 13 अधिक 2, 30. दुसरी 15 अधिक 5, 20, एकूण 50. तिसरी 11, एकूण 61. अशा दहा फ्रेम.

आणि फाऊल लाइनवर पाय गेला की 15 पॉइंट कापतात. पडलेल्या पिन धरतात, पण शेवटी 15 वजा. चॅम्पियन लोकांचे फाऊल मी क्वचितच बघितलेत.

पाचच तर पिन, मग अवघड काय त्यात?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी काही न बोलता एक गेम खेळायला लावतो. बॉल लहान, पिनमधलं अंतर मोठं. टेन-पिनमध्ये मधोमध मारलं तरी बऱ्याच पडतात, इथे हेडपिनवर अगदी मधोमध बॉल बसला तर तो तिला घेऊन सरळ निघून जातो आणि चारही पिन जशाच्या तशा उभ्या, याला आमच्याकडे पंच म्हणतात. म्हणजे नेम अचूक आणि पॉइंट पाच. हेडपिनला जरा बाजूने, पण फार बाजूने नाही, असा लागला पाहिजे की हेडपिन एका बाजूच्या पिनवर जाईल आणि बॉल दुसऱ्या बाजूच्या. जागा किती, तर बोटभर. आणि 60 फुटांवरून ती बोटभर जागा पुन्हा पुन्हा सापडायला हवी.

ठरलेली नावं आहेत प्रत्येक उरलेल्या पिनांना. हेडपिन आणि एकच तीनवाली गेली तर स्प्लिट, 8. हेडपिन आणि एका बाजूच्या दोन्ही गेल्या तर चॉप-ऑफ, 10. दोन्ही कोपरे उरले तर एसेस, 11. लीगमध्ये पहिल्या महिन्यात हे शब्द ऐकून मी नुसता मान डोलवायचो.

मग चॅम्पियन म्हणजे नक्की कोण? ॲव्हरेज किती लागतं?

जास्तीत जास्त स्कोअर 450, म्हणजे दहाव्या फ्रेमचे तिन्ही बॉल धरून सलग बारा स्ट्राइक. कधीमधी खेळणारा माणूस शंभर-दीडशेत असतो, लीगमध्ये 200 च्या वर ॲव्हरेज असलं की लोक मान देतात, 250 च्या वर म्हणजे खरंच तयारीचा खेळाडू. देशातले अगदी वरचे लोक त्याच्याही पुढे असतात. माझं 140 ने सुरू झालं, आज 205 च्या आसपास आहे, त्याला सतरा वर्षं लागली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. चॅम्पियन ओळखायचा तो स्ट्राइकच्या बॉलवरून नाही, दुसऱ्या बॉलवरून. स्ट्राइक आम्हालाही पडतात, कधी कधी सलग चार. फरक पडतो तो चॉप-ऑफ झाल्यावर, एका बाजूच्या दोन पिन एकामागे एक उभ्या आहेत, पाठीमागे टीम गप्प, आणि त्या दोन काढायच्या. तिथे आम्ही तीनवाली घेतो आणि दोनवाली सोडतो, आणि ते लोक दहातल्या आठ-नऊ वेळा दोन्ही घेऊन येतात, चेहऱ्यावर काही नाही. एका गेममध्ये असे पाच-सहा प्रसंग येतात, वर्षाला लीगचे साधारण नव्वद गेम, आणि असं तीस-चाळीस वर्षं. माझ्या मते करिअर म्हणजे तेवढंच, कोपऱ्यातल्या पिना.

करिअर सुरू कुठून होतं?

बहुतेकांचं शनिवार सकाळपासून. यूथ बोलिंग कॅनडा म्हणून मुलांचा प्रोग्रॅम आहे, लोक वायबीसी म्हणतात, त्यात बँटम, ज्युनियर, सिनियर असे वयाचे गट. आधी आपल्या सेंटरमध्ये, मग झोन, मग प्रॉव्हिन्स (म्हणजे आपल्याकडचं राज्य), मग नॅशनल, अशा चार पायऱ्या चढत जायचं. देशातली आज मोठी नावं असलेली कितीतरी माणसं याच शनिवारच्या लीगमधून आली, आणि बहुतेक वेळा त्यांचे आईवडील आधीच तिथे खेळत होते. आपल्याकडे तालमीत मुलगा बापाबरोबर जायचा ना, तसं.

मोठेपणी कॅनेडियन फाइव्ह-पिन बोलर्स असोसिएशनच्या स्पर्धा. त्यातली सगळ्यात मानाची म्हणजे ओपन. इथे हँडिकॅप नाही, म्हणजे कमी ॲव्हरेजवाल्याला वरून पॉइंट देत नाहीत, उघडा स्कोअर. झोनमधून प्रॉव्हिन्सला आणि तिथून नॅशनलला, पुरुषांची टीम, बायकांची टीम, मिक्स्ड टीम आणि सिंगल्स. गंमत म्हणजे ऑन्टारिओच्या दोन टीम जातात, सदर्न आणि नॉर्दर्न वेगळ्या, तिकडे थंडर बे आणि सडबरीकडचे लोक फार कडक खेळतात. छातीवर प्रॉव्हिन्सचं नाव असलेला शर्ट मिळणं ही आयुष्यभर सांगायची गोष्ट असते.

याशिवाय मास्टर बोलर्सची वेगळी संघटना आहे, त्यात टूर्नामेंट, टीचिंग आणि सिनियर असे तीन विभाग. टीचिंग विभाग मला फार आवडतो, कारण त्यात शिकवणारी माणसं असतात, म्हणजे शनिवारी सकाळी मुलांच्या बुटाच्या नाड्या बांधणारा माणूस नॅशनलला स्वतः खेळतो.

ज्यांचं ॲव्हरेज कमी आहे त्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी पिन्स ओव्हर ॲव्हरेज. म्हणजे स्वतःच्या ॲव्हरेजपेक्षा किती जास्त काढले त्यावर निकाल. 160 वाल्याने 200 काढले तर 40 जास्त, 270 वाल्याने 290 काढले तर 20 जास्त, जिंकला 160 वाला. काही जुने खेळाडू याला नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. या पद्धतीमुळेच बँकेतला क्लर्क, शाळेतली बस चालवणारी बाई असे लोक विमानाने दुसऱ्या प्रॉव्हिन्सला नॅशनल खेळायला जातात आणि मेडल घेऊन येतात.

यात पैसे किती मिळतात?

पोट भरण्याइतके नाहीत. कॅश टूर्नामेंट असतात, चांगला खेळाडू वर्षाचा खर्च आणि वर थोडं काढू शकतो. पण देशातले पहिल्या दहातले खेळाडूसुद्धा सकाळी नोकरीवर जातात. कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी नर्स, कुणी बोलिंग सेंटरमध्येच काम करतो. रजा साठवून ठेवायची आणि नॅशनलला वापरायची. म्हणून मी करिअर हा शब्द इथे जरा आपल्या जुन्या भजनी मंडळातल्या पखवाजवाल्यासारखा वापरतो, पगार दुसरीकडे, आणि माणूस ओळखला जातो तो याच्यासाठी.

परफेक्ट गेम बघितलाय का कधी?

एकदा, तोही पूर्ण नाही. शेजारच्या लेनवर एकाचे दहा स्ट्राइक झाले. आठव्यानंतर बाकीच्या लेनवरचे लोक आपोआप थांबले. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, त्याच्या टीममधल्यांनी त्याच्याकडे बघणंसुद्धा बंद केलं होतं, फक्त बॉल परत येतानाचा खडखड आवाज. अकराव्याला कोपरा राहिला, उजवीकडचा, हलली आणि उभी राहिली. तो हसला, स्पेअर केला, खुर्चीत येऊन बसला आणि पाणी प्यायला. स्कोअर 448 झाला असेल नसेल असं लोक मला नेहमी विचारतात, तर नाही, हिशोब करून बघा: नववी फ्रेम 15 अधिक 15 अधिक 13 म्हणजे 43, आणि दहावी 15 अधिक 13 अधिक 2, 30. आठ फ्रेमचे 360 धरून एकूण 433.

सत्तरी ओलांडलेले लोक खेळतात म्हणे, ते कसं?

बॉल हलका आहे हे पहिलं कारण. टॉमी रायननी ऑफिसच्या दमलेल्या माणसांसाठी जे केलं त्याचा फायदा आज म्हाताऱ्या माणसांना होतो. खांदा आणि मनगट वाचतं. जातो तो गुडघा, कारण शेवटच्या पावलाला डाव्या पायावर घसरत खाली वाकायचं असतं, डावखुऱ्यांचं उलटं.

आमच्या लीगमध्ये एक बाई आहेत, वय 78, तरुणपणी प्रॉव्हिन्सच्या टीममध्ये खेळलेल्या. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारतो, पण मनात मावशीच म्हणतो. त्यांचं बघत बसावं असं वाटतं. आधी टॉवेलने बॉल पुसणार, तीन वेळा, तिन्ही वेळा एकाच दिशेने. मग उजव्या बुटाचं टोक दुसऱ्या ठिपक्यावर. पूर्वी पाच पावलं टाकायच्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन केली, त्यासाठी एक अख्खा उन्हाळा रिकाम्या सेंटरमध्ये बॉल न घेता नुसती पावलं टाकत होत्या. नजर पिनांवर नाही, लेनवर मध्ये बाण असतात त्यातल्या एका बाणावर. हात इतका खाली जातो की बॉल लाकडावर ठेवल्यासारखा सुटतो, आवाजच येत नाही, माझा बॉल अजूनही धप्पकन पडतो. वेग गेलाय त्यांचा, बॉल पिनपर्यंत जाईपर्यंत मी श्वास धरून असतो. पण जातो तिथेच. ॲव्हरेज 190 च्या वर आहे.

मी एकदा विचारलं, तुम्ही प्रॅक्टिस काय करता. म्हणाल्या, कोपरे. अर्धा तास फक्त डावा कोपरा, अर्धा तास फक्त उजवा, बाकीच्या पिन पडल्या तर ते चुकलं असं धरायचं. मी तीन आठवडे केलं, इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नाही, आणि माझं ॲव्हरेज त्याच सीझनला नऊने वाढलं.

फॉर्म गेला तर काय करतात हे लोक?

जातोच. प्रत्येकाचा जातो, कधी एक सीझन कधी तीन. माझं स्वतःचं सांगतो, एका सेंटरमध्ये मी भाड्याचे बूट घातले, एकाचा तळ झिजलेला होता, पाय घसरायच्या ऐवजी अडकला आणि गुडघा मुरगळला. सहा आठवडे घरी. परत आलो तर शेवटचं पाऊल टाकताना मनात भीती, आणि भीती आली की माणूस सरळ उभा राहून बॉल फेकतो. 180 च्या खाली गेलो. तेव्हा मावशींनी मला दोन महिने स्कोअर बघायला बंदी केली. फक्त बाण बघ, बाणावरून गेला का एवढंच सांग. हे ऐकायला साधं वाटतं पण स्क्रीनकडे न बघणं फार अवघड असतं. स्वतःचे बूट मात्र त्याच आठवड्यात घेतले, तुम्हीही घ्या.

ऑलिंपिक? वर्ल्ड चॅम्पियनशिप?

नाही. हा खेळ कॅनडाबाहेर खेळला जात नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे नॅशनल हेच शिखर. टेन-पिनमध्ये मात्र कॅनडाची माणसं जग जिंकून आलीत, 1969 ला टोकियोत ग्रेडन रॉबिन्सन आणि 1972 ला हॅम्बर्गला रे मिचेल यांनी बोलिंग वर्ल्ड कप जिंकला. फाइव्ह-पिनच्या चॅम्पियनला ते दार नाही. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. इतकं कौशल्य, आणि सीमेपलीकडे बफेलोत गेलं की कुणाला नावही माहीत नाही.

सेंटर्स बंद पडतायत म्हणे?

हो. शहरात जागेचे भाव इतके वाढलेत की लेनच्या जागी टॉवर उभा करणं मालकाला परवडतं. माझं पहिलं सेंटर असंच गेलं. शेवटच्या रात्री लोकांनी पिन विकत घेतल्या, माझ्याकडे एक आहे, देवघराच्या शेजारच्या फळीवर, पट्ट्याला काळे डाग पडलेली. सेंटर गेलं की नुसते लेन जात नाहीत, लीग फुटते, अर्धे लोक दुसरीकडे जातात आणि अर्धे खेळणंच सोडतात, आणि सोडणाऱ्यांत बहुतेक वयस्कर असतात कारण त्यांना लांब गाडी चालवणं नको वाटतं. म्हणून तुमच्या जवळ सेंटर असेल तर वाढदिवसाच्या पार्टीपुरतं जाऊ नका, लीगमध्ये नाव घाला.

मुलांना घेऊन जायचंय, सुरुवात कशी करू?

सप्टेंबरमध्ये सीझन सुरू होतो, ऑगस्टच्या शेवटी फोन करून वायबीसीची जागा विचारा. मुलं अगदी लहान असतानाही खेळू शकतात, बॉल हलका असल्याने दोन हातांनी ढकलला तरी जातो. पहिल्या दिवशी स्ट्राइक शिकवायला जाऊ नका. बॉल बोटांच्या मुळाशी धरायचा, तळहातात दाबायचा नाही, आणि सोडताना अंगठा पुढे, एवढंच. पिनांकडे न बघता बाणाकडे बघायला सांगा, ऐकणार नाहीत, दर आठवड्याला सांगा.

मोजे घरून न्या, जाड असले तर बरं. आणि मंगळवारी सात वाजता आलात तर सहाव्या लेनवर आम्ही असतो, मावशी साडेसहालाच येऊन बॉल पुसत बसलेल्या असतात.